तीर्थाची निवड आणि त्रिविध ज्ञान

गीतेतील विवेक हा कुरुक्षेत्रासारख्या महान प्रसंगासाठी आहे, दैनंदिन व्यवहारातील लहानसहान निर्णयांशी त्याचा संबंध नाही, असा समज अभ्यासकांमध्येही आढळतो. वस्तुतः मोठ्या प्रसंगी मनुष्य आपोआप सावध होतो. वडीलधाऱ्यांना विचारतो, रात्र जागून काढतो. लहान निर्णय मात्र तो बेसावधपणे घेतो, आणि म्हणून त्याच्या बुद्धीचे खरे स्वरूप तेथेच उघडे पडते. सुटीच्या दिवशी कोणत्या तीर्थाला जावे, हा असाच एक लहान प्रश्न होय. त्याचा विचार अठराव्या अध्यायातील २० ते २२ या श्लोकांच्या आधाराने येथे करावयाचा आहे.

प्रश्नाचे स्वरूप

बंगळूर शहराच्या आग्नेयेस सर्जापूर रोड नावाचा रस्ता आहे. इब्बलूर, कैकोंड्रहळ्ळी, कसवनहळ्ळी ही त्याच्या आसपासची एके काळची खेडी. आज तेथे बहुमजली इमारतींच्या रांगा उभ्या आहेत, आणि नोकरीनिमित्त आलेली पुणे, सातारा, कोल्हापूर, नागपूर इकडील मराठी कुटुंबे त्यांत राहतात. अशाच एका कुटुंबाची कल्पना वाचकाने करावी. घरात मुलगा, सून, चौदा वर्षांचा नातू आणि पतिनिधनानंतर वाईहून मुलाकडे आलेली चौऱ्याहत्तर वर्षांची आजी. आजीचा जन्म कृष्णाकाठी गेलेला. कार्तिकस्नान तिने कधी चुकविले नव्हते. बंगळुरात मोठी नदी नाही. एके दिवशी देवापुढे वात लावताना ती सहज म्हणाली, "यंदा कार्तिकात एकदा नदीवर जाऊन यावंसं वाटतं."

मागणी एवढीच होती. परंतु तिच्यावरून घरात चार संध्याकाळी वाद झाला. म्हैसूरच्या परिसरात एकमेकांपासून जवळ अशी तीन नदीकाठची क्षेत्रे आहेत, आणि घरातील तिघांनी तीन क्षेत्रांचा पक्ष घेतला.

मुलाचा कल श्रीरंगपट्टणाकडे होता. हे गाव कावेरीच्या दोन प्रवाहांमधील बेटावर वसलेले. तेथील शेषशायी श्रीरंगनाथास आदिरंग म्हणतात. मध्यरंग शिवनसमुद्रास आणि अंत्यरंग तमिळनाडूतील श्रीरंगम् येथे, अशी परंपरा आहे. मराठी वाचकाला हे नाव इतिहासातूनही परिचित असते, कारण १७९२ साली टिपू सुलतानाविरुद्ध या किल्ल्यास जो वेढा पडला त्यात हरिपंत फडके यांच्या मराठी फौजा होत्या. बंगळूर-म्हैसूर हमरस्त्यावरच हे ठिकाण असल्याने, आणि २०२३ साली तो नवा रुंद रस्ता वाहतुकीस खुला झालेला असल्याने, सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल, हा मुलाचा मुख्य मुद्दा होता.

सुनेचे म्हणणे नंजनगूडला जावे असे होते. म्हैसूरच्या दक्षिणेस सुमारे पंचवीस किलोमीटरवर, कपिला म्हणजेच कबिनी नदीच्या काठी, श्रीकंठेश्वराचे भव्य मंदिर आहे. कन्नडमध्ये 'नंजु' म्हणजे विष. ज्याने विष प्राशन केले तो नंजुंड. व्याधिग्रस्त भाविक या देवाकडे आरोग्य मागण्यास येतात. "आई, तुमच्या गुडघ्यांसाठी तिथे नवस बोलूया," असे ती सासूबाईंना म्हणाली. तिच्या आग्रहात माया होती, हे नमूद केले पाहिजे.

तिसरा पक्ष सांगलीहून आलेल्या मामांचा, म्हणजे आजीच्या धाकट्या भावाचा. त्यांनी तिरुमकूडलु नरसीपूर या क्षेत्राचे माहात्म्य ऐकलेले होते. येथे कावेरी आणि कपिला यांचा संगम होतो. स्फटिक सरोवर हा तिसरा गुप्त प्रवाह मानून त्यास त्रिवेणीचे महत्त्व देतात. १९८९ पासून येथे दर तीन वर्षांनी कुंभमेळा भरविण्याचा प्रघात पडला. २०२५ सालीही तो भरला होता. संगमावरील देव गुंजा नरसिंह म्हणून प्रसिद्ध आहे, आणि हे क्षेत्र काशीपेक्षा एका गुंजेने अधिक भरते अशी तेथील आख्यायिका आहे. मामांना ही गुंज फार पटली होती. "अक्का, काशीहून अधिक पुण्य दारात असताना दुसरीकडे का जायचं?" असे ते पुन्हा पुन्हा विचारीत.

आजी प्रत्येकाचे ऐकून घेई आणि म्हणे, "तुम्ही ठरवाल तिथे येईन." मग ती देवघरात जाऊन बसे. चौथ्या संध्याकाळी आवाज चढले, सून डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली, आणि यात्रा रद्द करण्याची भाषा निघाली.

तीन प्रकारचे ज्ञान

अठराव्या अध्यायात भगवंतांनी ज्ञानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. ज्या ज्ञानाने वेगवेगळ्या दिसणाऱ्या सर्व भूतांमध्ये एकच अविनाशी तत्त्व अविभक्तपणे पाहता येते, ते सात्त्विक. ज्याने केवळ वेगळेपणच दिसते, निरनिराळ्या वस्तू निरनिराळ्या रीतीने मोजल्या जातात, ते राजस. आणि जे एकाच वस्तूला जणू तीच सर्वस्व असल्याप्रमाणे चिकटून बसते, त्यास कारण विचारले असता कारण देऊ शकत नाही, ते तामस.

हे वर्गीकरण माणसांचे नव्हे, ज्ञानाचे आहे, ही गोष्ट अभ्यासकाने प्रथम लक्षात घ्यावी. एकाच मनात सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा गुण प्रबळ असू शकतो. म्हणून वरील उदाहरणातील मुलगा राजस, मामा तामस, अशी शिक्के मारण्याची घाई करू नये. त्यांचे बोलणे कोणत्या क्षणी कोणत्या गुणाकडे झुकले, एवढेच पाहावे.

मुलाने कागदावर रकाने आखून अंतर, रस्ता, गाडी लावण्याची सोय, गर्दी, जेवणाची व्यवस्था यांची नोंद केली. यात वावगे काही नाही. वृद्ध माणसास घेऊन जाणाऱ्याने हे पाहिलेच पाहिजे. परंतु रकाने भरले म्हणजे निर्णय झाला, असे त्यास वाटू लागले तेव्हा ज्ञान राजस झाले. भेद मोजता मोजता ज्यासाठी मोजावयाचे ते दृष्टीआड गेले.

मामांची गुंज याहून बारकाईने तपासण्यासारखी आहे. सोनाराच्या जुन्या मापात आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा; म्हणजे तोळ्याचा शहाण्णवावा भाग तो गुंज. काशीचे पुण्य तोलून त्यावर गुंजभर अधिक घालणारा तराजू कोणाच्या हाती आहे? आख्यायिका जेव्हा असे म्हणते, तेव्हा तिचा रोख काशीला उणे ठरविण्याकडे नसावा. ज्या काळी दक्षिणेतील शेतकऱ्यास किंवा विधवा म्हातारीस उत्तरेची यात्रा आयुष्यात एकदाही घडणे कठीण होते, त्या काळी तिला दिलेला हा धीर आहे: तुझ्या गावच्या घाटावर देव उणा नाही, उलट गुंजभर अधिकच आहे. नंजनगूडला दक्षिणकाशी म्हणतात. वाईला, पैठणला आणि करवीरलाही दक्षिणकाशी म्हणतात. या नावांना परस्परांचे दावे खोडणारी मानले तर तंटा उभा राहतो. धीर देणारी मानले तर सर्वच खरी ठरतात. धीर देण्यासाठी सांगितलेल्या गोष्टीचा उपयोग दुसऱ्याचे तोंड बंद करण्यासाठी केला, की ती एका वस्तूस सर्वस्व मानणाऱ्या तिसऱ्या प्रकारात जाऊन पडते.

पाण्याचा मार्ग

पाचव्या दिवशी नातू भूगोलाच्या अभ्यासासाठी नकाशा घेऊन बसला होता. तीन गावांची नावे कानांवर पडून पडून पाठ झालेली असल्याने त्याने ती नकाशावर शोधली, आणि नद्यांवरून बोट फिरवू लागला. कावेरी कोडगूमधील तलकावेरीस उगम पावते, कृष्णराजसागर धरणातून श्रीरंगपट्टणास येते, बेटाला वळसा घालून पुढे जाते. कपिला केरळातील वायनाडकडून येते, नंजनगूडवरून वाहत जाऊन तिरुमकूडलु नरसीपूरजवळ कावेरीस मिळते. तेथून एकत्र झालेला प्रवाह तलकाडवरून शिवनसमुद्राकडे जातो. त्याच भागात बंगळूरसाठी पाणी उचलले जाते. तोरेकाडनहळ्ळी येथे ते शुद्ध करून, टप्प्याटप्प्याने सुमारे पाचशे मीटर उंच चढवून, सुमारे शंभर किलोमीटर नळांतून शहरात आणतात. या योजनेचा पहिला टप्पा १९७४ साली पुरा झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेला पाचवा टप्पा शहरात नव्याने सामावलेल्या एकशे दहा खेड्यांसाठी आहे, आणि सर्जापूर रोडलगतची अनेक खेडी त्यांत येतात.

नातू म्हणाला, "आजी, तुम्ही ज्या तीन गावांवरून भांडताय ना, त्या तिन्ही गावांचं पाणी एकत्र होऊन आपल्याच नळाला येतं."

आजी हसून म्हणाली, "भांडतंय कोण? मी तर काहीच बोलले नाही, बाळा."

विसाव्या श्लोकातील अविभक्त या शब्दाचा अर्थ समजण्यास हा नकाशा पुरेसा आहे. घाट निराळे, देव निराळे, गावांची माहात्म्ये निराळी, पाणी एक. दहाव्या अध्यायात भगवंतांनी प्रवाहांमध्ये गंगेस आपली विभूती म्हटले आहे, कावेरीचे नाव तेथे नाही. परंतु जे जे तेजस्वी आणि ऐश्वर्ययुक्त आहे ते ते आपल्याच अंशापासून झालेले आहे, असे अध्यायाच्या शेवटी सांगून त्यांनी गणतीचा प्रश्नच मिटविला आहे.

एकत्व कळल्यावर यात्रा कशासाठी?

येथे एक आक्षेप येतो. पाणी एकच असेल आणि ते नळालाही येत असेल, तर घरीच स्नान करावे. एवढ्या दूर जाण्याचे प्रयोजन काय? हा आक्षेप दिसतो तितका सात्त्विक नाही. पुष्कळदा तो आळसाने तत्त्वज्ञानाचे वस्त्र पांघरलेले असते. सात्त्विक ज्ञान भेद नाहीसे करीत नाही. भेदांमध्ये अभेद पाहते. विभक्त वस्तू तेथे असतातच. त्यांच्याशी योग्य रीतीने वागणे हा पुढचा भाग होय.

हे वागणे कसे असावे, याचे दिग्दर्शन सतराव्या अध्यायात दानाच्या प्रकरणात सापडते. दान केव्हा सात्त्विक होते? परतफेडीची अपेक्षा न ठेवता, देश, काल आणि पात्र पाहून दिले असता. यात्रेलाही ही कसोटी सादृश्याने लावता येते.

काळाचा विचार असा. महाराष्ट्रात कार्तिकस्नानाचे जे महत्त्व, तेच कावेरीकाठी तुलास्नानाचे. सुमारे १७ ऑक्टोबरला सूर्य तुळेत प्रवेश करतो, त्या दिवशी तलकावेरीस तीर्थोद्भव मानतात, आणि पुढे महिनाभर कावेरीस्नान चालते. दिवाळीनंतरच्या कार्तिकाचे पहिले दिवस बहुधा या तुलामासातच येतात. तेव्हा वाईच्या आजीला परक्या नदीवर परक्यासारखे वाटण्याचे कारण नाही. पावसाळ्यात मात्र हा विचार निराळा होतो. कृष्णराजसागराची पूर्ण पातळी १२४.८० फूट, धरण भरून दरवाजे उघडले की श्रीरंगपट्टणाचे घाट पाण्याखाली जातात. कबिनी धरणातून विसर्ग वाढला की नंजनगूडच्या पायऱ्यांची तीच गत होते, आणि नरसीपूरच्या संगमावर तर दोन्ही नद्यांचा लोंढा एकत्र येतो. अशा वेळी प्रशासन स्नानास मनाई करते. ती मोडून पाण्यात उतरणे ही श्रद्धा नव्हे. जत्रेच्या आणि मेळ्याच्या दिवसांचेही असेच. नंजनगूड शिवक्षेत्र असल्याने कार्तिकातील सोमवारी तेथे दाटी असते. तरुणास ती उत्साह देईल, अधू पायांच्या माणसास ती धक्का देईल.

पात्राचा विचार म्हणजे येथे जाणाऱ्याच्या शरीराचा विचार. देहाला क्लेश देणाऱ्या, शास्त्राने न सांगितलेल्या तपाचा निषेध सतराव्या अध्यायाच्या आरंभीच आहे, आणि आहारविहाराच्या प्रमाणाचा उपदेश सहाव्या अध्यायात आहे. ज्याचे गुडघे दुखतात त्याने कोरड्या पायरीवर बसून तांब्याने पाणी अंगावर घ्यावे. त्यात उणेपणा मानू नये. नदीच्या मध्यभागी जाऊन बुडी मारणाऱ्यास पुण्य अधिक, असे गीतेत कोठेही नाही. महाभारताच्या वनपर्वातील तीर्थयात्रेच्या प्रकरणातही ज्याचे हात, पाय आणि मन स्वाधीन आहेत त्यालाच तीर्थाचे फळ मिळते, असाच अभिप्राय आहे.

हेतूचा प्रश्न

देश, काल, पात्र पाहूनही तीन गावांपैकी दोन-तीन सारखीच उरली तर? येथे दुसऱ्या अध्यायातील ४१ वा श्लोक उपयोगी पडतो. निश्चय करणारी बुद्धी एक असते. निश्चय नसलेल्यांच्या बुद्धीला असंख्य फाटे फुटतात. चार संध्याकाळी त्या घरात फुटले ते हे फाटे होत. आणि निश्चय का होत नव्हता? कारण ज्याची यात्रा त्याचा हेतू कोणी विचारलाच नव्हता.

तो नातवाने विचारला, तोही सहजपणे. "आजी, पण तुला नदीवर जाऊन करायचंय काय?"

आजी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तुझे आजोबा गेले त्या साली, एकवीस साली, मी शेजारच्या खोलीत तापानं पडले होते. कुणाला बाहेर पडायची मुभा नव्हती. तुझे बाबा एकटेच घाटावर गेले. मी त्यांना शेवटचं पाहिलं नाही, नदीवरही गेले नाही. आता वाईपर्यंत प्रवास सोसत नाही. एकदा नदीकाठी बसून त्यांच्या नावानं ओंजळभर पाणी सोडायचं आहे. एवढंच."

मुलगा दाराशी उभा होता. त्या घाटावर तो एकटाच उभा राहिला होता, आणि त्या दिवसाविषयी आईशी तो कधीच बोलला नव्हता. रकान्यांचा कागद त्याने घडी करून खिशात ठेवला. "अगं आई, मला का नाही सांगितलंस?" एवढेच त्यास बोलता आले.

यानंतर निर्णयास वेळ लागला नाही. श्रीरंगपट्टणाजवळ कावेरीचा एक प्रवाह काही अंतर पश्चिमेकडे वळतो. त्या जागेस पश्चिमवाहिनी म्हणतात. पूर्ववाहिनी नदीचे असे उलट वळण पवित्र मानून अस्थिविसर्जनासाठी आणि पितरांच्या कार्यासाठी लोक तेथे दुरून येतात. महात्मा गांधींच्या अस्थींचा काही भाग १९४८ साली येथेच विसर्जित करण्यात आला. आजीच्या हेतूस याहून अनुरूप जागा त्या तिन्ही क्षेत्रांत नव्हती. मुलाने सुचविलेले गावच शेवटी ठरले, परंतु त्याने दिलेल्या कारणासाठी नव्हे. सर्वांत आधी मान डोलावली ती मामांनी. "अक्का, तुझं काम जिथे होईल तीच काशी. माझी गुंज मी परत घेतो," असे ते म्हणाले. सुनेच्या नवसाचे काय, असे आजीनेच विचारले, आणि पुढे कधी जमेल तेव्हा नंजनगूडलाही जाऊन येऊ, असे तिला सांगितले.

प्रवृत्ती आणि निवृत्ती, कार्य आणि अकार्य यांतील भेद जी जाणते ती बुद्धी सात्त्विक, असे अठराव्या अध्यायाच्या ३० व्या श्लोकात म्हटले आहे. तेथे जाण्यात कार्य कोणते हे कळल्यावर कोठे जाऊ नये हेही आपोआप कळले.

कार्तिकातील एका साध्या वारी, पहाटे निघून, ती मंडळी पश्चिमवाहिनीस पोहोचली. पाणी ओसरलेले होते. आजी पायरीवर बसली. एका बाजूने सुनेने, दुसऱ्या बाजूने मुलाने तिला धरले. तिने ओंजळ भरली आणि सोडली. पुन्हा भरली आणि सोडली. मुलाने आपली ओंजळ तिच्या ओंजळीखाली धरली होती. पान, फूल, फळ किंवा पाणी, जे भक्तीने दिले ते भगवंत स्वीकारतात, असे नवव्या अध्यायात आहे. त्या चार वस्तूंपैकी शेवटची सर्वांत स्वस्त, आणि त्या दिवशी तीच पुरेशी झाली.

यात्रेनंतरचे ऋण

येथे पाठ संपवावा असे वाटेल. परंतु तिसऱ्या अध्यायाची आठवण ठेवल्यावाचून तो पुरा होत नाही. देवांनी दिलेले त्यांना परत न देता जो भोगतो तो चोरच, असे त्या अध्यायातील यज्ञचक्राच्या विवेचनात सांगितले आहे. सर्जापूर रोडवरील घरास कावेरी पाणी देते. त्या परिसरातील सांडपाण्याचा मोठा भाग बेळंदूर आणि वर्तूर या तलावांवाटे दक्षिण पिनाकिनी नदीत आणि पुढे तमिळनाडूत जातो. २०१५ साली बेळंदूर तलावावरील फेसाने पेट घेतल्याचे, आणि २०१७ साली तेथे पुन्हा आग लागल्याचे पुष्कळांना स्मरत असेल. एका नदीवर हात जोडावयाचे आणि दुसरीत घाण सोडावयाची, यात अविभक्त तत्त्वाचे दर्शन कोठे राहिले?

एकट्या कुटुंबाने तलाव शुद्ध होणार नाही. तरीही कर्माची सुरुवात आपल्या हातापासून होते. पश्चिमवाहिनीस जुनी वस्त्रे नदीत सोडण्याची चाल अनेकजण पाळतात. या मंडळींनी काही सोडले नाही, निर्माल्यही पिशवीत घालून परत आणले. घरी आल्यावर आजीने भाजी धुतलेले पाणी मोरीत न ओतता तुळशीला आणि कुंड्यांना घालण्याचा नेम धरला. नातवाने कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, "तूच नाही का सांगितलंस, हे त्याच घाटावरचं पाणी आहे म्हणून?"

मननासाठी प्रश्न

१. अठराव्या अध्यायातील २०, २१ आणि २२ या श्लोकांतील ज्ञानाचे तीन प्रकार आपल्या घरातील अलीकडच्या एखाद्या वादास लावून पाहावेत. कोणत्या क्षणी कोणता गुण प्रबळ होता?

२. 'सर्व तीर्थे सारखीच' हे वाक्य सात्त्विक ज्ञानातून केव्हा येते आणि आळसातून केव्हा येते? दोहोंतील फरक कशावरून ओळखावा?

३. वडीलधाऱ्यांसाठी घेतलेल्या एखाद्या निर्णयात त्यांचा हेतू त्यांना प्रत्यक्ष विचारला होता काय? विचारला नसल्यास तो आज विचारता येईल काय?

४. आपल्या घरी येणारे पाणी कोणत्या नदीचे आहे आणि घरातून जाणारे पाणी कोणत्या नदीस मिळते, याचा शोध घेऊन तिसऱ्या अध्यायातील १० ते १६ हे श्लोक पुन्हा वाचावेत.